विश्लेषण : मुलीला पाळी नाही, अहवालात ‘पुरुष’, मग केसपेपरवर कोणता कोड? नांदेड-लातूरसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस भरतीच्या एका प्रकरणात महत्त्वाचा आदेश दिला. नाशिक ग्रामीण पोलीस दलाच्या २०१८ च्या भरतीत एक युवती उत्तीर्ण झाली होती. वैद्यकीय तपासणीत मात्र तिला गर्भाशय आणि अंडाशय नसल्याचे दिसले. पुढे गुणसूत्र तपासणी झाली आणि अहवालात ‘पुरुष’ असा निष्कर्ष आला. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेल्या, सगळी कागदपत्रे मुलीच्या नावाने असलेल्या युवतीची नोकरी तिथे अडकली. यात तिचा काहीही दोष नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि शिपाई संवर्गाबाहेरच्या पदावर तिच्या नियुक्तीचा विचार करण्याचे निर्देश राज्य सरकारला दिले.

तिचे नेमके निदान काय, हा तिचा खासगी विषय आहे. पण या प्रकरणाने एक मोठा प्रश्न पुढे आणला. गुणसूत्र तपासणी हे निदान नसते, ती निदानापर्यंत जाण्याची एक पायरी असते. निदान पूर्ण झाले की त्याला एक नाव आणि एक कोड मिळतो. तो कोड लिहिलाच गेला नाही किंवा चुकीचा लिहिला गेला, तर पुढे काय होते? नांदेड आणि लातूरसारख्या जिल्ह्यांत हा प्रश्न अधिक टोकदार का होतो? समजून घेऊ.

हार्मोन असूनही शरीर प्रतिसाद देत नाही, म्हणजे काय?

हार्मोनचे आजार म्हटले की हार्मोन कमी किंवा जास्त, एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. तिसरा प्रकार कमी परिचित आहे. यात हार्मोन तयार होते, रक्तात पुरेसे असते, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. मोबाइलच्या भाषेत सांगायचे तर टॉवर सुरू आहे, रेंज आहे, पण हँडसेट सिग्नल पकडत नाही. पेशीवरील किंवा पेशीतील ‘रिसेप्टर’ म्हणजे सिग्नल पकडणारा भाग सदोष असतो. काही वेळा रिसेप्टर ठीक असतो, पण त्याच्या पुढची साखळी तुटलेली असते.

ही कल्पना सर्वप्रथम १९४२ मध्ये अमेरिकी डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांनी मांडली. पॅराथायरॉइड ग्रंथी ठीक असूनही रक्तातील कॅल्शियम कमी राहणाऱ्या रुग्णांचे त्यांनी वर्णन केले. पुढे वाढीच्या हार्मोनला शरीर दाद देत नाही असा ‘लॅरॉन सिंड्रोम’ १९६६ मध्ये नोंदवला गेला. थायरॉइड हार्मोनबाबतही असे विकार आहेत.

सामाजिकदृष्ट्या सर्वांत गुंतागुंतीचा विकार मात्र ‘अँड्रोजन इनसेन्सिटिव्हिटी सिंड्रोम’, म्हणजे एआयएस. यात गुणसूत्रे ४६,एक्सवाय असतात. पोटात किंवा जांघेत वृषण असतात आणि ते टेस्टोस्टेरॉनही तयार करतात. पण पेशी त्याला दाद देत नाहीत. विकार पूर्ण स्वरूपाचा असेल, तर बाळ जन्मतः मुलगीच दिसते. वयात येताना टेस्टोस्टेरॉनचे शरीरातच इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते आणि स्तनांची वाढही होते. काखेतील व जांघेतील केस मात्र विरळ असतात. गर्भाशय नसल्यामुळे पाळी येत नाही. अंशतः स्वरूपाच्या विकारात जननेंद्रियांची रचना संदिग्ध असू शकते. पूर्ण स्वरूपाच्या एआयएसचे प्रमाण एक्सवाय गुणसूत्रे असलेल्या साधारण २० हजार ते ६४ हजार जन्मांमागे एक असे मानले जाते.

आजाराला कोड कशासाठी?

जगभरातील रुग्णालये निदान लिहिण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘आयसीडी’ ही वर्गीकरण पद्धत वापरतात. भारतात अजून प्रामुख्याने तिची दहावी आवृत्ती चालते. प्रत्येक आजाराला एक अक्षर आणि काही आकडे. ‘ई’ अक्षराचे प्रकरण अंतःस्रावी, पोषण आणि चयापचयाच्या आजारांचे. त्यात ‘ई३४.५’ म्हणजे अँड्रोजनला शरीराने दाद न देण्याचा विकार.

डेटाबेस हाताळणाऱ्या कोणालाही हे पटकन कळेल. नाव दहा पद्धतींनी लिहिता येते, त्यामुळे नावावर मोजणी होत नाही. मोजणी होते ती ठरलेल्या कोडवर. रुग्णालयाचा रेकॉर्ड विभाग, विमा कंपनी, टीपीए, आरोग्य खात्याची आकडेवारी हे सगळे डॉक्टरांचे अक्षर वाचत बसत नाहीत, कोड वाचतात. विम्याच्या प्रमाणित क्लेम अर्जात रुग्णालयाने भरायच्या भागात आयसीडी-१० कोडचा रकाना असतो.

मग अडचण कुठे येते?

अडचण अशी की हा विकार असलेली मुलगी ‘ई३४.५’ या खिडकीवर सहसा थेट पोहोचत नाही. ती आधी दुसऱ्याच खिडक्यांवर उभी राहते आणि प्रत्येक खिडकीवर तिला वेगळा कोड मिळू शकतो.

- वय २ वर्षे : दोन्ही जांघांत गाठ. सर्जन हर्निया म्हणून शस्त्रक्रिया करतात. कोड ‘के४०’, म्हणजे जांघेतील हर्निया.
- वय १६ वर्षे : पाळी सुरू झालेली नाही. स्त्रीरोग ओपीडीत कोड ‘एन९१.०’, म्हणजे पाळीच न येणे.
- सोनोग्राफीनंतर : गर्भाशय दिसत नाही. कोड ‘क्यू५१.०’, म्हणजे गर्भाशयाचा जन्मजात अभाव.
- गुणसूत्र तपासणीनंतर : कोड ‘क्यू९७.३’, म्हणजे ४६,एक्सवाय गुणसूत्रे असलेली स्त्री.
- हार्मोन तपासण्या आणि तज्ज्ञाच्या मतानंतर : कोड ‘ई३४.५’.

पहिले चार कोड खोटे नाहीत. पण ते लक्षण किंवा निरीक्षण सांगतात, कारण नाही. पाळी न येणे हे ताप असल्यासारखे आहे. ताप मलेरियाचा, डेंगीचा की टायफॉइडचा, हे त्यातून कळत नाही. गर्भाशयाचा जन्मजात अभाव एक्सएक्स गुणसूत्रांच्या, अंडाशय असलेल्या मुलींमध्येही आढळतो. तो वेगळा विकार आहे. त्यातील मुलीला स्वतःची स्त्रीबीजे असतात, एआयएसमध्ये ती नसतात. म्हणजे तिसऱ्या खिडकीवर थांबलो तर पुढचा सल्लाच चुकतो.

आणखी एक गुंता आनुवंशिकतेचा. एआयएसचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, त्यामुळे ते आईकडून येऊ शकते. आई वाहक असेल, तर तिच्या प्रत्येक एक्सवाय अपत्याला हा विकार होण्याची शक्यता निम्मी असते. काही रुग्णांत मात्र हा बदल नव्यानेच झालेला असतो. ‘मामाशी किंवा मामाच्या मुलाशी लग्न लावल्यामुळे असे झाले’ असा दोष मराठवाड्यात सर्रास दिला जातो. एआयएसच्या बाबतीत तो लागू पडत नाही. त्याच्यासारखाच दिसणारा एक वेगळा विकार, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी रूप तयार करणाऱ्या एन्झाइमची कमतरता, आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आल्याने होतो. तिथे नात्यातील लग्नाने धोका वाढतो. त्याचा कोडही वेगळा आहे, ‘ई२९.१’. दोन्हींत अचूक फरक केला, तरच मावशी, बहीण, भाची यांच्यापैकी कोणाला तपासायचे हे ठरते.

चुकीच्या कोडने प्रत्यक्षात काय बिघडते?

*पहिले, विमा.* विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील वगळणुकींचे प्रमाणीकरण केले. त्यात वगळणूक क्रमांक ०७ ही लिंगबदल उपचारांची आहे. विरुद्ध लिंगाची वैशिष्ट्ये यावीत म्हणून केलेल्या उपचारांचा खर्च त्यात नाकारता येतो. दुसऱ्या बाजूला, अंतर्गत जन्मजात आजार, आनुवंशिक विकार आणि वयात येण्याशी संबंधित विकार सरसकट वगळता येणार नाहीत, असेही त्याच नियमांत आहे.

आता एक उदाहरण घेऊ. एआयएस असलेल्या २० वर्षांच्या मुलीच्या पोटातील वृषणांत पुढे गाठ होण्याचा धोका आहे, म्हणून ते काढले. कागदावर ‘ई३४.५’ असेल तर हा हार्मोन विकाराचा उपचार आहे. कोणी ‘लिंगासंबंधीचे काहीतरी’ म्हणून ‘एफ६४’ या गटातला कोड टाकला, तर फाइल थेट वगळणूक क्रमांक ०७ समोर जाऊन पडते. ‘एफ’ हे आयसीडी-१० मध्ये मानसिक आजारांचे प्रकरण आहे आणि ‘एफ६४’ लिंगओळखीसंबंधी आहे. एआयएसशी त्याचा संबंध नाही. शस्त्रक्रिया तीच, बिल तेच, फक्त अक्षर बदलले.

*दुसरे, नोकरी.* भरतीच्या वैद्यकीय मंडळासमोर गुणसूत्र अहवाल एकटाच जातो, तेव्हा वाचणारा त्यातून ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ असा निकाल काढतो. ‘ई३४.५’ असे पूर्ण निदान सोबत असेल, तर प्रश्न बदलतो : हा हार्मोन विकार असलेल्या उमेदवाराची शारीरिक क्षमता पुरेशी आहे का? खेळाच्या मैदानावर हा फरक जगाने फार पूर्वी पाहिला. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो १९८५ मध्ये लिंगचाचणीत ‘अपात्र’ ठरली. तिला एआयएस होता, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा लाभ तिच्या शरीराला मिळतच नव्हता. ही बाब पटवून देत तिने लढा दिला आणि १९८८ मध्ये तिची पात्रता परत मिळाली.

मराठवाड्यानेही याच्या जवळपासचे एक प्रकरण पाहिले आहे. २०१७ मध्ये बीड पोलीस दलातील, महिला म्हणून भरती झालेल्या एका शिपायाने शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. प्रकरण उच्च न्यायालय आणि गृह विभागापर्यंत गेले. अखेर मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ते प्रकरण एआयएसचे नव्हते, तिथला प्रवास उलट दिशेचा होता. पण शरीर चौकटीत बसत नाही तेव्हा आस्थापना विभागाकडे रकानाच नसतो, हे दोन्हीकडे सारखेच दिसले.

*तिसरे, मोजणी.* दहा मुलींपैकी आठ जणी ‘पाळी न येणे’ याच कोडवर थांबल्या, तर जिल्ह्याच्या आकडेवारीत एआयएसचे रुग्ण दोनच दिसतील. रुग्ण नाहीत म्हणून तपासणीची सोय नाही आणि सोय नाही म्हणून रुग्ण सापडत नाहीत, असे हे चक्र आहे.

नांदेड-लातूरमध्ये हे चक्र अधिक घट्ट का?

नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. आसपासच्या जिल्ह्यांसह नांदेडला सीमेपलीकडील तेलंगणातूनही रुग्ण येतात. ताण किती असतो, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये साऱ्या देशाने पाहिले. नांदेडच्या या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्णांचे मृत्यू झाल्यानंतर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. अशा गर्दीच्या ओपीडीत निवासी डॉक्टरने समोर दिसणारे लक्षण लिहून पुढचा रुग्ण घ्यावा, यात नवल नाही.

त्यातच निदानाची वाट लांब आहे. सोनोग्राफी गावाजवळ होते. टेस्टोस्टेरॉनची रक्तचाचणीही शहरात होते. गुणसूत्र तपासणीचा नमुना मात्र अनेकदा मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. जनुकीय तपासणी आणि हार्मोनतज्ज्ञांचे अतिविशेषोपचार विभाग यांसाठी मुंबई, पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागते. मुंबईत केईएम रुग्णालयाचा अंतःस्राव विभाग आणि परळची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था यांनी या विकारांवर काम केले आहे. पण नांदेडहून मुंबई म्हणजे रात्रभराचा रेल्वेप्रवास, दोन माणसांची मजुरी बुडणे आणि ‘मुलीला कुठे घेऊन चाललात?’ या प्रश्नाला उत्तर देणे. अनेकदा शेवटचा अडसरच सर्वांत मोठा असतो.

सरकारी योजनांतही फट आहे. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होते. म्हणजे योजनेचा सर्वांत जुना अनुभव असलेल्या जिल्ह्यांपैकी हा एक. पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांच्या पॅकेजवर चालते. एआयएसचा बराच खर्च ओपीडीतला आहे : रक्तचाचण्या, गुणसूत्र तपासणी, समुपदेशन आणि वृषण काढल्यास पुढे दीर्घकाळ घ्यावे लागणारे इस्ट्रोजेन, हाडांची तपासणी. बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. त्याच्या जन्मजात दोषांच्या मूळ यादीत दुभंगलेले ओठ, वाकडे पाय, जन्मजात हृदयदोष आहेत. लैंगिक विकासातील वेगळेपण त्यात नाही.

नवी आवृत्ती आली, प्रश्न सुटेल का?

आयसीडीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून जागतिक पातळीवर लागू झाली. दोन बदल इथे महत्त्वाचे आहेत. पहिला, लिंगओळखीसंबंधीचे कोड मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवले गेले. दुसरा, एआयएस अंतःस्रावी आजारांतून निघून विकासातील जन्मजात वेगळेपणाच्या प्रकरणात गेला. नवा कोड ‘एलडी२ए.४’. आयसीडी-१० मध्ये ‘ई३४.५’ खाली ‘स्यूडोहर्माफ्रोडिटिझम’सारखे जुने शब्द होते. २००५ च्या शिकागो परिषदेत तज्ज्ञांनी हे शब्द अपमानकारक आणि गोंधळात टाकणारे म्हणून सोडण्याची शिफारस केली होती.

शब्द सुधारले, पण एक नवा धोका आहे. कोड ‘जन्मजात’ प्रकरणात गेला की विमा कंपनी अंतर्गत की बाह्य, हा वाद काढू शकते. अंतर्गत जन्मजात दोष वगळता येत नाही, बाह्य दोष अनेक पॉलिसींत वगळलेला असतो. पूर्ण स्वरूपाच्या एआयएसमध्ये बाहेरून दिसणारा दोषच नसतो. अंशतः स्वरूपात मात्र हा वाद होऊ शकतो. आयसीडी-१० च्या मूळ आवृत्तीत पूर्ण आणि अंशतः असा फरकच नाही. अमेरिकेने आपल्या आवृत्तीत त्यासाठी ‘ई३४.५१’ आणि ‘ई३४.५२’ असे स्वतंत्र कोड केले. आपल्याकडे तोवर डॉक्टरांनी कोडशेजारी शब्दांत ‘पूर्ण’ किंवा ‘अंशतः’ लिहिणे हाच साधा उपाय आहे.

डिजिटल नोंदींचे काम समांतर सुरू आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये डॉक्टरांनी निदानासाठी वापरायची ‘स्नोमेड सीटी’ ही वैद्यकीय शब्दावली भारतात पुण्याच्या सी-डॅकमधील केंद्रामार्फत दिली जाते. डॉक्टर शब्द निवडतील आणि आयसीडी कोड सॉफ्टवेअर सुचवेल, अशी ही रचना. पण सॉफ्टवेअर दिलेल्या माहितीपलीकडे जात नाही. डॉक्टरने ‘पाळी नाही’ एवढेच निवडले, तर कोडही तेवढाच येईल.

गोपनीयतेचे काय?

अचूक कोड लिहा म्हणताना ही बाजू विसरता येत नाही. छोट्या गावात डिस्चार्ज कार्ड चार हातांतून फिरते. शाळेच्या, भरतीच्या किंवा रजेच्या प्रमाणपत्रावर पूर्ण निदान लिहिण्याची गरज बहुतेक वेळा नसते. तिथे ‘अंतःस्रावी विकारावर उपचार सुरू’ एवढे पुरते. पूर्ण कोड हवा तो रुग्णाच्या स्वतःच्या फाइलमध्ये, विम्याच्या अर्जात आणि रुग्णालयाच्या नोंदीत. शिवाय एआयएस असलेली व्यक्ती स्वतःला काय मानते, हे कोणताही कोड ठरवत नाही. पूर्ण स्वरूपाच्या एआयएसमध्ये बहुतेक जणी स्त्री म्हणूनच जगतात. कायद्याने मात्र २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यात आंतरलिंगी वेगळेपण असलेल्यांनाही त्याच व्याख्येत घेतले. यातून कार्यालयांतला गोंधळ वाढला.

पालकांनी आणि डॉक्टरांनी काय लक्षात ठेवावे?

- १५ वर्षे पूर्ण होऊनही किंवा स्तनांची वाढ सुरू होऊन ३ वर्षे झाली तरी पाळी आली नाही, तर वाट पाहू नये. ‘लग्न झाल्यावर येईल’ हा सल्ला धोक्याचा आहे.
- लहान मुलीला दोन्ही बाजूंना हर्निया असेल, तर शस्त्रक्रियेआधी सर्जनला एआयएसबद्दल विचारावे. हर्निया असलेल्या मुलींपैकी साधारण १ ते २ टक्क्यांत हे कारण निघते.
- गुणसूत्र अहवाल एकटा घेऊन फिरू नये. त्यासोबत हार्मोन तपासण्या आणि तज्ज्ञाचे लेखी निदान घ्यावे.
- वृषण काढण्याची घाई नको. पूर्ण स्वरूपाच्या एआयएसमध्ये वयात येण्याआधी गाठीचा धोका कमी असतो आणि वयात येण्यासाठी लागणारे इस्ट्रोजेन त्याच हार्मोनपासून बनते. निर्णय मुलीला विश्वासात घेऊन व्हावा.
- डिस्चार्ज कार्डवरचा कोड वाचावा. फक्त लक्षणाचा कोड असेल आणि निदान झालेले असेल, तर रेकॉर्ड विभागाकडे दुरुस्तीचा लेखी अर्ज करता येतो.
- विमा दावा वगळणूक क्रमांक ०७ दाखवून नाकारला गेला, तर डॉक्टरांचे निदानपत्र जोडून कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे आणि नंतर विमा लोकपालाकडे दाद मागता येते.

पुढे काय?

यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची वाट पाहण्याची गरज नाही. नांदेड आणि लातूरच्या शासकीय महाविद्यालयांत स्त्रीरोग, बालरोग, शल्यचिकित्सा आणि वैद्यकशास्त्र विभागांनी महिन्यातून एक दिवस एकत्र ओपीडी घेतली, तरी चार खिडक्यांवरचे चार केसपेपर एका टेबलावर येतील. मोठ्या शहरातील हार्मोनतज्ज्ञाला त्याच वेळी व्हिडिओ कॉलवर जोडता येईल. केंद्र सरकारची ई-संजीवनी ही दूरवैद्यक सेवा त्यासाठी उपलब्ध आहे. रेकॉर्ड विभागाने ‘एन९१.०’ आणि ‘क्यू५१.०’ कोड लागलेल्या जुन्या फाइल वर्षातून एकदा पुन्हा तपासल्या, तर अर्धवट राहिलेली निदाने सापडतील. पोलीस, सैन्य आणि इतर भरतींच्या वैद्यकीय मंडळांना एकच सूचना पुरेशी आहे : गुणसूत्र अहवालावर निकाल देऊ नका, अंतःस्रावतज्ज्ञाचे निदान मागवा.

राज्यभरातून डॉक्टर होण्याची तयारी करायला मुले-मुली लातूरला येतात. त्यांतले कितीतरी उद्या याच ओपीडीत केसपेपर लिहिणार आहेत. समोरच्या १६ वर्षांच्या मुलीची फाइल ‘पाळी न येणे’ इथे संपवायची की तिथून सुरू करायची, हे त्या वेळी त्यांच्याच हातात असेल.